लिनक्सची सत्तर हजार पॅकेजेस कोण लावतं, कशी लावतं?

विंडोजवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा लिनक्ससमोर बसला की एकच विचारतो : सेटअप फाइल कुठून उतरवायची? सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजातली पोरं हे विचारतात, मार्केट यार्डात आडत दुकानाचा हिशेब कॉम्प्युटरवर लिहिणारे दिवाणजीही विचारतात. उत्तर ऐकून दोघांचाही विश्वास बसत नाही, कारण फाइल कुठूनच उतरवायची नसते. काय हवं त्याचं नाव सांगायचं, पासवर्ड द्यायचा, की मशीन स्वतःच ते घेऊन येतं. त्याला सोबत जे जे लागतं तेही आणतं.

हे इतकं सहज होतं, कारण त्याआधी कुणीतरी फार मोठी मांडामांड करून ठेवलेली असते. डेबियन हे लिनक्सचं एक डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे लिनक्स आणि त्यावरचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून दिलेला संच. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं तेव्हा त्यात 69,830 पॅकेजेस, म्हणजे इन्स्टॉल करण्यासाठी बांधलेले सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. हा प्रकल्प इयान मरडॉक यांनी 1993 मध्ये सुरू केला आणि आजही तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही, स्वयंसेवक चालवतात. खालची बहुतेक उदाहरणं मी डेबियनचीच घेतो. उबुंटू, मिंट आणि आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स हे सगळे त्याच पायावर उभे आहेत, त्यामुळे एक समजलं की बाकीचे फारसे परके राहत नाहीत.

सत्तर हजार वस्तू म्हटलं की पहिल्यांदा मनात येते ती विषयवार विभागणी : खेळ इकडं, ऑफिसची कामं तिकडं, ग्राफिक्स पलीकडं. तशी विभागणी आहे, पण माझ्या मते ती सगळ्यांत कमी कामाची. सगळा डोलारा उभा आहे तो कुणाला कोण लागतं आणि बिघडलं तर कोण बघणार, या दोन गोष्टींवर.

पॅकेजच्या पोटात

डेबियनचं पॅकेज म्हणजे 'डेब' नावाची एक फाइल. ती उघडली तर आत तीन गोष्टी निघतात. पहिली अगदी छोटी, फक्त फाइलचा प्रकार सांगणारी. दुसरीत कागदपत्रं : पॅकेजचं नाव, व्हर्जन, कुठल्या प्रोसेसरसाठी आहे, सांभाळणारा कोण, चालायला आणखी काय काय लागतं, आणि दोन-चार ओळींची ओळख. तिसरीत प्रत्यक्ष माल.

हा माल इन्स्टॉल होताना एका फोल्डरात जात नाही, आणि विंडोजवाल्यांचा गोंधळ इथंच होतो. चालणारा प्रोग्रॅम 'यूएसआर'खालच्या 'बिन'मध्ये जातो, लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमना सामाईक लागणारा तयार कोड) 'लिब'मध्ये, चित्रं आणि भाषांतरं 'शेअर'मध्ये, सेटिंगच्या फाइली 'ईटीसी'मध्ये. एकाच सॉफ्टवेअरचे तुकडे चार ठिकाणी पांगले, मग काढताना ते गोळा कसे करायचे? ते काम 'डीपीकेजी' करतं. कुठली फाइल कुठल्या पॅकेजची आहे याची पूर्ण यादी त्याच्याकडं असते. एका फाइलवर दोन पॅकेजेस हक्क सांगू लागली, तर ते इन्स्टॉल तिथंच थांबवतं. ईटीसीतल्या फाइलींना आणखी मान आहे. त्यातली एखादी तुम्ही हातानं बदलली असेल, तर नवं व्हर्जन आल्यावर ती परस्पर पुसली जात नाही. तुमची ठेवू की नवी घालू, असं विचारलं जातं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला या एका प्रश्नाची किंमत विचारा.

एक सॉफ्टवेअर, शंभर पॅकेजेस

आता लिबरऑफिस घ्या. त्याचा मूळ कोड, म्हणजे सोर्स पॅकेज, एकच. पण ते बांधलं की त्यातून शंभरावर पॅकेजेस निघतात. लिहिण्यासाठी रायटर वेगळं, हिशेबासाठी कॅल्क वेगळं, सगळ्यांना लागणारा गाभा वेगळा. शिवाय प्रत्येक भाषेचं स्वतंत्र पॅकेज, त्यात मराठीचंही. मेनू मराठीत दिसावेत म्हणून जतच्या शाळेनं फिनिश आणि झुलू भाषांचं ओझं कशाला उतरवून घ्यायचं? एवढा साधा विचार आहे त्यामागं.

तुकडे करण्याची दुसरी रीत प्रोसेसरवरून येते. चालणारा प्रोग्रॅम इंटेलच्या मशीनसाठी वेगळा बांधावा लागतो, रास्पबेरी पायसाठी वेगळा. पण देवनागरीचे लोहित फॉन्ट, मदतीची पानं, चित्रं ही दोन्हीकडं तीच. मग असा सगळा ऐवज वेगळा काढून एकदाच ठेवायचा आणि त्यावर 'ऑल', म्हणजे सगळ्या मशीनना चालणारं, अशी खूण करायची. रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजेसच्या साठ्यात, एकच प्रत राहते आणि जागा वाचते. तिसरी रीत प्रोग्रॅमरसाठी. लायब्ररी वापरणाऱ्याला एक पॅकेज पुरतं. त्या लायब्ररीवर नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हेडर फाइलीही (लायब्ररीशी कसं बोलायचं ते सांगणाऱ्या) लागतात, त्या नावाच्या शेवटी 'देव' असलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात. हा 'देव' म्हणजे डेव्हलपमेंटचा 'डेव्ह'. आपली मुलं तो वाचतात मात्र देवासारखाच, आणि इन्स्टॉल करायला विसरली की कोड कंपाइल होत नाही तेव्हा आठवतातही तसाच.

लायब्ररींची नावं हा वेगळाच खाक्या आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलची लायब्ररी डेबियन 11 मध्ये 'लिबएसएसएल1.1' या नावानं होती, डेबियन 12 मध्ये 'लिबएसएसएल3' झाली. आकडा नुसता व्हर्जनच्या रकान्यात नाही, नावातच आहे. लायब्ररीशी बोलण्याची पद्धत बदलली की जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालत नाहीत. नाव वेगळं ठेवलं की जुनी आणि नवी एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहतात, ज्याला जी लागते ती तो घेतो.

डेबियन 13 मध्ये कित्येक लायब्ररींच्या नावांना 'टी64' असं शेपूट लागलेलं दिसेल. 32 बिटांच्या मशीनवर वेळ मोजणारा आकडा 19 जानेवारी 2038 ला भरून वाहणार आहे. तो 64 बिटांचा करायचा ठरला. त्यामुळे वेळेशी संबंध असलेल्या शेकडो लायब्ररींची बोलण्याची पद्धत बदलली आणि नावंही बदलावी लागली. तुमचं मशीन 64 बिटांचं असलं, तुमच्यासाठी काहीही बदललेलं नसलं, तरी नाव बदललेलंच दिसतं, कारण पॅकेजचं नाव सगळ्या प्रोसेसरवर एकच ठेवायचं असतं.

इतके तुकडे करून मिळतं काय, हे एप्रिल 2014 मध्ये दिसलं. ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाची मोठी चूक उघडकीला आली. ही लायब्ररी वेब सर्व्हर, मेल सर्व्हर असे असंख्य प्रोग्रॅम वापरत होते. ती एकाच जागी होती म्हणून एक पॅकेज अपडेट करून त्या सेवा पुन्हा सुरू केल्या की काम झालं. प्रत्येकानं आपापली प्रत पोटात घेऊन ठेवली असती, तर प्रत्येकाच्या मागं फिरावं लागलं असतं.

कुणाला कोण लागतं

कागदपत्रांच्या भागात नात्यांचे बरेच रकाने असतात. 'डिपेंड्स' म्हणजे हे नसेल तर चालणारच नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे बहुतेकांना लागेल. ते न सांगताही इन्स्टॉल होतं, आणि जुन्या मशीनवर डिस्क भरली म्हणून तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा हेच कारण असतं. ते बंद करता येतं. 'सजेस्ट्स' म्हणजे असलं तर बरं. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे आम्ही दोघं एका घरात नांदणार नाही.

सगळ्यांत सुंदर रकाना 'प्रोव्हाइड्स'. मेल पाठवणारं काहीतरी हवं, एवढंच एखाद्या प्रोग्रॅमचं म्हणणं असतं. ते एक्झिम असो की पोस्टफिक्स, त्याला फरक पडत नाही. म्हणून 'मेल ट्रान्सपोर्ट एजंट' नावाचं एक आभासी पॅकेज आहे. त्यात फाइल एकही नाही, तो फक्त हुद्दा आहे. एक्झिम म्हणतं तो हुद्दा मी सांभाळतो, पोस्टफिक्सही तेच म्हणतं, आणि दोघंही त्या हुद्द्याशी कॉन्फ्लिक्ट जाहीर करतात, म्हणजे एका वेळी खुर्चीत एकच बसेल. ही युक्ती ज्यानं काढली त्याला सरकारी कचेरी चांगली कळत असणार.

ही नाती सोडवणं मशीनला वाटतं तितकं सोपं नाही. अ ला ब हवं, ब ला क चं नवं व्हर्जन हवं, ड ला क चं जुनंच हवं. अशा हजारो अटी एकत्र पाळणारा संच शोधायचा, हा प्रश्न संगणकशास्त्रातल्या नामांकित अवघड प्रश्नांच्या गटात बसतो. ओपनसुसे आणि फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रिब्यूशनांची पॅकेजं लावणारी साधनं, झिपर आणि डीएनएफ, त्यासाठी तर्कशास्त्रातली समीकरणं सोडवणारं इंजिन वापरतात. डेबियनमध्ये हे काम 'अ‍ॅप्ट' करतं, ते 1999 च्या डेबियन 2.1 पासून आलं. त्याआधी एक पॅकेज घातलं की ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं, आणि मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीत नेमकं तिसरंच नसायचं.

विषयवार कप्प्यांबद्दल थोडक्यात. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांच्या स्लॅकवेअर या डिस्ट्रिब्यूशनमध्ये, तेही 1993 चंच, पॅकेजेसचे गट अक्षरांनी ओळखले जायचे : 'ए' म्हणजे मूळ सिस्टिम, 'एन' म्हणजे नेटवर्क, 'एक्स' म्हणजे ग्राफिक्स, 'वाय' म्हणजे खेळ. ही अक्षरं फ्लॉपींच्या संचांवरून आली. खेळ नको असतील तर वायच्या फ्लॉपी उतरवायच्याच नाहीत. फ्लॉपी गेल्या, अक्षरं अजून आहेत. डेबियनमध्येही 'फॉन्ट्स', 'गेम्स', 'एडिटर्स' असे विभाग आहेत, पण एक पॅकेज एकाच विभागात बसू शकतं. नकाशे दाखवणारा, विज्ञानाचा, चित्रं काढणारा असा एखादा प्रोग्रॅम कुठं घालायचा? कुठंही घातला तरी दोघं चुकीच्या जागी शोधणार. एकाच पॅकेजला अनेक खुणा लावण्याचा 'डेबटॅग्ज' नावाचा प्रयत्नही झाला. प्रत्यक्षात लोक शोध कमांड देतात नाहीतर इंटरनेटवर विचारतात. विभागापेक्षा मेटापॅकेज कितीतरी उपयोगी. हे स्वतः रिकामं असतं, फक्त डिपेंड्सची यादी असते. 'बिल्ड इसेन्शियल' म्हटलं की कंपायलर, मेक वगैरे सगळं एकदम येतं. प्रयोगशाळेतली सगळी मशीन सारखी ठेवायची असतील तर असं एक रिकामं पॅकेज स्वतःच बनवता येतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

बिघडलं तर बघणार कोण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा ढीग कितीही असोत, प्रत्येक ढीग कुणाच्या अडतीत आहे हे ठरलेलं असतं. माल भिजका निघाला, वजनात घट आली, तर खरेदीदार अख्ख्या बाजाराला जाब विचारत नाही, त्या अडत्याकडं जातो. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजवर 'मेंटेनर' हा रकाना त्याचसाठी आहे. तो सॉफ्टवेअर लिहिणारा असेलच असं नाही, बहुतेकदा नसतोच. लिहिणाऱ्याकडून माल घेऊन तो डेबियनच्या नियमात बसवणं, तक्रारी ऐकणं, सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर आत घालणं हे त्याचं काम. मेंटेनरनं हात वर केले आणि दुसरा कुणी मिळाला नाही, तर ते पॅकेज अनाथ म्हणून जाहीर होतं. पुढं दुरुस्त न झालेल्या गंभीर चुका साठल्या की बाहेरही जातं.

रिपॉझिटरीचे मोठे भाग हेही जबाबदारीवरूनच पडलेत. डेबियनमध्ये 'मेन' हा खरा डेबियन. त्यात फक्त मुक्त लायसन्सचं सॉफ्टवेअर, तेही मेनबाहेरचं काही न लागणारं. ज्याचं स्वतःचं लायसन्स मुक्त आहे पण जे बंदिस्त वस्तूवर अवलंबून आहे, ते 'कॉन्ट्रिब'मध्ये. बंदिस्त ते 'नॉन-फ्री'मध्ये. हे डेबियननं 1997 मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या 'सामाजिक करारा'ला धरून आहे, आणि सुरक्षा पथकाचं अधिकृत वचन फक्त मेनपुरतं आहे. कारण सरळ आहे : ज्याचा सोर्स आपल्या हातात नाही, ते दुरुस्त कसं करणार?

या शिस्तीपायी एक मोठी अडचण वर्षानुवर्षं चालली. लॅपटॉपच्या वायफाय चिपला चालायला कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. ते नॉन-फ्रीमध्ये, म्हणून इन्स्टॉल करायच्या अधिकृत डिस्कवर नाही. म्हणजे वायफाय चालायला फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर आणायला वायफाय. शेवटी 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते डिस्कवर घेतलं, आणि जून 2023 च्या डेबियन 12 पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा चौथा भाग झाला. तत्त्वनिष्ठ मंडळींना तो रुचला नाही. मला मात्र तो शहाणपणाचा वाटतो, कारण फर्मवेअर वेगळ्या कप्प्यात ठेवल्यानं बाकीचं बंदिस्त सामान न घेताही वायफाय चालतं.

उबुंटूतही चार भाग आहेत. मेन आणि रिस्ट्रिक्टेडची देखभाल कॅनॉनिकल कंपनी करते, युनिव्हर्स आणि मल्टिव्हर्स मुख्यतः समुदायाच्या हाती. फेडोरात पूर्वी रेड हॅट कंपनीच्या नोकरांचं 'कोअर' आणि बाहेरच्यांचं 'एक्स्ट्राज' अशी भिंत होती. 2007 च्या फेडोरा 7 मध्ये ती पाडली.

मुरायला ठेवणं

नवं पॅकेज आलं की आधी 'अनस्टेबल'मध्ये जातं. तिथं काही दिवस, साधारणपणे पाच, कुणी गंभीर चूक दाखवली नाही आणि त्याची नाती तुटत नसली, तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. दोनेक वर्षांनी टेस्टिंग गोठवून, साफसूफ करून त्याचं 'स्टेबल' होतं. स्टेबलमध्ये नवी व्हर्जन येत नाहीत. सुरक्षेची चूक सापडली तर दुरुस्तीपुरता बदल जुन्या व्हर्जनवरच चढवतात आणि व्हर्जनच्या आकड्याला 'डेब12यू1' अशी खूण जोडतात. 'हे सॉफ्टवेअर जुनं का?' अशी तक्रार करणाऱ्यांनी ही खूण बघावी. आकडा जुना असतो, आतली दुरुस्ती ताजी.

ही वाट पाहणं किती मोलाचं आहे, हे 29 मार्च 2024 ला कळलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. डेबियनची पॅकेजेससुद्धा त्यानंच दाबतात. त्याचा मूळ लेखक एकटा, थकलेला. एका टोपणनावाच्या माणसानं दोनेक वर्षं प्रामाणिकपणे मदत करून विश्वास मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा घातला. डेबियन आणि फेडोरानं रिमोट लॉगिनच्या सर्व्हरला सिस्टिमडीची (मशीनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) जोड दिली होती, आणि त्या जोडीतून ही लायब्ररी लॉगिनच्या सर्व्हरमध्ये शिरायची. नातं किती लांबचं, पण नातंच. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रॅमरला आपल्या डेबियन अनस्टेबलवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि ते त्यानं सोडून दिलं नाही.

चोरदरवाजा अनस्टेबलमध्ये होता, टेस्टिंगमध्येही पोचला होता. स्टेबलला त्याची झळ लागली नाही. पाच दिवसांच्या चाळणीतून तो निसटला, म्हणजे चाळणीचा उपयोग नाही असं नव्हे. दोन वर्षांची चाळणी पुढं होती म्हणून जगभरचे सर्व्हर वाचले.

जुन्या व्हर्जनवर परत येताना डेबियननं जे केलं ते व्यवस्थेचा स्वभाव सांगतं. पॅकेजचा आकडा मागं नेता येत नाही. अपडेट करणारं मशीन मोठ्या आकड्याकडंच जातं, 5.4.5 ठेवलं असतं तर 5.6.1 असलेल्यांनी ते घेतलंच नसतं. म्हणून नवं पॅकेज ठेवलं '5.6.1+रियली5.4.5-1' या आकड्यानं. आकडा वाढलेला, माल जुना, आणि तसं आकड्यातच कबूल केलेलं.

हे सगळं ठेवतात कुठं

रिपॉझिटरी म्हणजे कुठला मोठा डेटाबेस नव्हे, साध्या फाइलींचं झाड आहे. पॅकेजेस 'पूल' नावाच्या फोल्डरात नावाच्या पहिल्या अक्षराखाली असतात. पण निम्मी दुनिया 'लिब'पासूनच सुरू होते, म्हणून त्यांच्यासाठी 'लिबए', 'लिबबी' अशी चार अक्षरांची फोल्डर केली. स्टेबल, टेस्टिंग ही वेगळी गोदामं नाहीत. पॅकेज पूलमध्ये एकदाच असतं, त्या फक्त यादींच्या फाइली आहेत. टेस्टिंगमध्ये सरकलं म्हणजे यादीत नाव आलं. सगळ्यांत वर 'रिलीज' फाइल, तिच्यावर डिजिटल सही. रिलीजमध्ये याद्यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा), याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा चेकसम. एक सही तपासली की खालचं सगळं तपासलं जातं, मग मिरर, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत ठेवणारा सर्व्हर, कुणाचाही असो.

साध्या फाइली असल्यामुळं वाटेत प्रत ठेवणं सोपं जातं. जत, आटपाडीकडच्या शाळेत वीस मशीन आहेत आणि नेट मोबाइलच्या डोंगलवर. एका मशीनवर 'अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी' बसवायचं आणि बाकीच्यांना त्याच्याकडं वळवायचं. पहिलं मशीन पॅकेज बाहेरून आणतं, उरलेली एकोणीस ते शेजारून घेतात. सही तपासणी जशीच्या तशी राहते, त्यामुळं कॅशवाल्या मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवायचं कारण नाही.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप ही वेगळी वाट. तिथं सॉफ्टवेअर आपल्या गरजेच्या लायब्ररी बऱ्याच अंशी बरोबर घेऊन येतं, त्यामुळं जुन्या स्टेबलवर नवं अ‍ॅप चालवायला सोय होते. पण मग त्या आतल्या लायब्ररी कोण अपडेट करणार हे ज्यानं अ‍ॅप बांधलं त्याच्यावर. डिस्कही जास्त जाते. मी ब्राउझर, सर्व्हर, फॉन्ट असलं रोजचं सगळं डिस्ट्रिब्यूशनमधूनच घेतो, आणि एखादं अगदी नवं व्हर्जन हवंच असेल तेवढ्यापुरता फ्लॅटपॅक.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर टर्मिनल उघडून तीन गोष्टी करा. 'अ‍ॅप्ट शो' पुढं पॅकेजचं नाव दिलं की मेंटेनर, विभाग, डिपेंड्स सगळे रकाने समोर येतात. 'डीपीकेजी' ला कॅपिटल एस पर्याय आणि फाइलचा पत्ता दिला की ती फाइल कुणाची ते कळतं. 'अ‍ॅप्ट आरडिपेंड्स' उलटी नाती दाखवतं, हे पॅकेज कुणाकुणाला लागतं त्यांची. एखादी लायब्ररी 'कशाला ठेवलीये ही' म्हणून काढायला निघाला असाल, तर तिसरी कमांड आधी चालवा.